फेकून दिलेले आकडे

रविकांत सरांनी हयातीत दोनच प्रोग्राम लिहिले. पहिल्यापायी गाव हसलं. दुसऱ्यापायी सरांचं आणि शेषेरावांचं जे वाकडं आलं ते आजतागायत सरळ झालेलं नाही. सांगायची गोष्ट दुसऱ्याचीच, पण पहिल्यावाचून तिचं चाक फिरायचं नाही, म्हणून आधी तो ऐकून घ्या.

शिरूर अनंतपाळला स्टँडच्या मागं सरांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. चांगला पंधरा वर्षं चालला. नोकरी टिकवायची तर कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागायचं, म्हणून तलाठी, ग्रामसेवक, पोलीस, कंडक्टर, सगळे तिथं येऊन बोटं आपटून गेले. सरांना वाटलं, या लोकांना कॉम्प्युटरचा लळा लागावा. म्हणून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. नाव आणि जन्मतारीख भरून ठेवायची, की वाढदिवसाच्या दिवशी मशीन चालू केल्याबरोबर पडद्यावर फुलं पडायची आणि त्या माणसाचं नाव यायचं. चाळीस जणांची नावं भरली. एक जूनला सकाळी सरांनी मशीन चालू केलं आणि फुलं पडायला लागली ती थांबेचनात. तेहतीस जणांचा वाढदिवस! पोरगं शाळेत घालताना आईबापाला तारीख ठाऊक नसली की जुने गुरुजी डोळे झाकून एक जून लिहायचे, हे सर विसरले होते. सरांची स्वतःची तारीखसुद्धा तीच. क्लासातला भीमाशंकर तेव्हा पोरसवदा होता. तो म्हणाला, "सर, मशीनचा काय दोष न्हाई. गुरुजींनी जे खाऊ घातलं तेच ते ओकून राहिलंय." त्या दिवशी क्लासात पेढे वाटले. पण भीमाशंकरचं ते वाक्य सरांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढं ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला आणि क्लास ओस पडला. सरांनी तीन जुनी मशीनं घरी आणली आणि रेणुकाबाईंच्या जुन्या लुगड्यांखाली झाकून ठेवली. रेणुकाबाई म्हणजे सरांची बायको. बाई खमकी. नवऱ्याचा क्लास बसला म्हणून रडत बसली नाही. वाटणीच्या एक एकरात तिनं तुती लावली, रेशमाच्या अळ्या पाळायच्या म्हणून. शेड उभं केलं पत्र्याचं. ते पत्रे तिच्या माहेरचे, किल्लारीच्या बाजूचे. भूकंपानंतर लोकांना राहायला पत्र्याची घरं दिली होती, त्यांतले उरलेले. तीस वर्षं उन्हापावसात राहिलेले पत्रे, पण एकाला भोक नव्हतं. बाई म्हणायची, ज्या पत्र्यांनी माणसं जगवली ते अळ्या जगवणार नाहीत काय?

आता अळ्यांचं गणित असं आहे. अंड्यातून निघते तेव्हा अळी केसाएवढी असते. पहिले दहा दिवस तिला फार जपावं लागतं. सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास उष्णता हवी, धूळ नको, वास नको, धूर तर मुळीच नको. तंबाखू चोळलेल्या हातानं पाला टाकला तरी ती मान टाकते. म्हणून हे दहा दिवस सगळ्यांच्या अळ्या एकाच ठिकाणी वाढवतात आणि अंगानं जराशा धरल्या की शेतकऱ्यांना देतात. त्या जागेला म्हणायचं चॉकी सेंटर. आपल्या भागातलं सेंटर होतं शेषेरावांचं.

शेषेराव कष्टाळू माणूस. साठीला आलेला, पांढरे कपडे, कपाळाला शेंदूर, आणि जबान विळ्यासारखी. एकदा एसटी त्याच्या मळ्यापाशी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं रस्त्यात आडवी बाज टाकली आणि तीवर बसून भाकर खाल्ली. एसटी अर्धा तास उभी. ड्रायव्हरनं हात जोडले तरी शेषेरावानं शेवटचा घास चावून चावून खाल्ला. तेव्हापासून एसटी तिथं न चुकता थांबते, कुणी असो नसो. तर असा तो माणूस. हार म्हणून त्याला ठाऊक नव्हती.

झालं काय, की लागोपाठ दोन लॉटांत, म्हणजे अळ्यांच्या दोन खेपांत, चार घरांच्या अळ्या गेल्या. सेंटरवरून आणल्या तेव्हा दिसायला बऱ्या, पण तिसरी कात टाकायच्या सुमाराला खाणंच सोडलं. लहानमोठ्या झाल्या, पिवळ्या पडल्या, ट्रेच्या काठावर चढून लोंबल्या. चारांत एक घर रेणुकाबाईंचं. बाकीची तीनही त्याच गावकुसाबाहेरच्या वस्तीवरचीच. मळेवाल्यांच्या अळ्यांना मात्र काही झालं नाही.

रेशीमवाल्यांच्या गटाची बैठक ग्रामपंचायतीच्या हॉलात बसली. गटाचा अध्यक्ष आता भीमाशंकरच होता. रेणुकाबाई उभी राहिली आणि म्हणाली की चॉकीतच खोट आहे. शेषेरावानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो सरांना म्हणाला, "मास्तर, तुम्ही बोटं नाचवायची माणसं. अळ्या पाळणं तुमच्या घराण्यात कधी होतं? त्या वस्तीवरच्या पत्र्यात माणूस शिजंल, अळी काय जगंल?"

सगळ्यांना कळलं काय म्हणायचंय ते, आणि कुणी बोललं नाही. शिव्या सरांना देता येत नव्हत्या, भांडण येत नव्हतं. जे येत होतं ते त्यांनी काढलं. ते म्हणाले, दोन्हीकडं मशीन लावतो. तुमच्या सेंटरात एक, आमच्या शेडात एक. दर पाच मिनिटाला उष्णता मोजंल आणि लिहून ठेवंल. कुणाचं चुकतंय ते दिसंल.

"आणि दिसल्यावर?" शेषेराव म्हणाला.

यावर बोलली रेणुकाबाई. खोट तिच्या शेडात निघाली तर तुतीवर तिनं स्वतः ट्रॅक्टर बोलवायचा आणि एक एकर मुळासकट काढायची. सेंटरात निघाली तर शेषेरावानं याच हॉलात, सगळ्यांदेखत, दोन शब्द बोलायचे : कसूर माझा.

शेषेराव हसला. म्हणाला, ट्रॅक्टर माझाच घ्या, डिझेलसकट.

असा तो दुसरा प्रोग्राम जन्माला आला. सरांनी लुगड्यांखालची दोन मशीनं काढली. लातूरला गंजगोलाईच्या मागं पुनम नावाची त्यांची एक जुनी विद्यार्थिनी रिपेअरिंगचं दुकान चालवते. तिनं उष्णता मोजणाऱ्या दोन तारा दिल्या. तारेच्या टोकाला बोराच्या बीएवढा धातूचा दाणा, दुसरं टोक मशीनला. प्रोग्राम मात्र सरांनी स्वतः लिहिला, क्लासात शिकवायचे त्याच जुन्या पद्धतीनं. पडद्यावर एक चौकट. चौकटीत मोठ्या अक्षरात आत्ताची उष्णता. खाली पाच-पाच मिनिटांनी पुढं सरकणारी एक रेषा. तीसच्या वर गेली की रेषा लाल, चोवीसच्या खाली गेली की निळी. बस. शाळकरी पोरीला कळंल इतकं साधं. पण सहा दिवस सरांनी त्यापायी धड जेवण केलं नाही. रेणुकाबाईनं ताट कीबोर्डच्या शेजारी ठेवायचं आणि तिनंच ते निवलेलं उचलायचं.

सेंटरात मशीन बसवायला सर गेले तेव्हा शेषेरावानं त्यांना आत येऊ दिलं नाही. तार दारापाशीच लोंबू द्या म्हणाला, आतल्या रांगांत तुमचं लफडं नको. शेषेरावाची आई विठाबाई उंबऱ्यावर बसली होती. ऐंशीची म्हातारी, पण नजर घारीची. सरांनी दाराजवळच्या ट्रेच्या वर तार बांधली, मशीन बाहेरच्या खोलीत ठेवलं आणि निघाले. जाताना आज्जींना नमस्कार केला. आज्जींनी तोंड फिरवलं.

तिसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. लाइट गेली आणि आली, आणि पडद्यावर आकडा आला पंच्याऐंशी. शेषेरावानं फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला, खाली लिहिलं : मास्तरच्या मशीननं अळ्यांची भजी तळली, या खायला. सायंकाळपर्यंत शिरूरच्या हॉटेलात सरांचं नाव 'पंच्याऐंशी मास्तर' पडलं. सरांनी पुनमला फोन केला. ती म्हणाली, ती तार झोपेतून उठली की पहिला आकडा पंच्याऐंशीच सांगती, तिचा स्वभावच तो, पहिला आकडा सोडून द्यायचा.

इथं सरांचं चुकलं. पुनमनं सांगितलं होतं पहिला आकडा सोडा. पण सरांना त्या हसण्याचा इतका धसका बसला होता की त्यांनी प्रोग्रामला सांगितलं, पडद्यावरच्या आधीच्या आकड्यापेक्षा एकदम तीनच्या वर उडी मारणारा कोणताही आकडा आला तर तो पडद्यावर येऊच द्यायचा नाही. बाजूला फेकायचा. पुन्हा म्हणून कुणाला भजी तळायची सोय ठेवली नाही.

झालं. लॉट सुरू झाला. सेंटरची रेषा दहाही दिवस फूटपट्टीनं मारल्यासारखी सरळ. अळ्या रेणुकाबाईंच्या शेडात आल्या, आणि तिथली रेषा दोन दिवस दुपारी हळूहळू चढत तेहतीसला गेली. बाईनं पत्र्यावर ओली पोती टाकली, रेषा खाली आली. पण लाल व्हायची ती झालीच. आणि तिसऱ्या कातेला अळ्यांनी पुन्हा खाणं सोडलं. शेषेरावानं दोन्ही रेषांचे फोटो गटावर टाकले आणि निरोप धाडला : रविवारी सकाळी बैठक, ट्रॅक्टर घेऊनच येतो.

त्या शुक्रवारी दुपारी रेणुकाबाई सुपात तूर पाखडत बसली होती. सर समोर खांबाला टेकून. मग बाईनं विचारलं, ते उडी मारणारे आकडे फेकता म्हणालात ते कुठं फेकता?

सर म्हणाले, एका फाइलीत पडतात. 'कचरा' नाव आहे तिचं.

"बघितली का कधी?"

"कचऱ्यात काय बघायचं?"

बाईनं सूप खाली ठेवलं. "पाखडलेलं मी कधी न बघता टाकलं का? कोंड्यात दाणा जातोच. उठा."

सर उठले. सेंटरची नोंद रोज पेन ड्राइव्हवर भीमाशंकर आणून देत होता, ती त्यांनी उघडली. कचऱ्याच्या फाइलीत पंच्याऐंशीची रांग लागली होती. लाइट आली, पंच्याऐंशी. लाइट आली, पंच्याऐंशी. आणि मधेच, लाइट गेलेली नसताना, एका शनिवारी सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी : एक्केचाळीस. मग अडतीस. मग चौतीस. मग कचरा थांबला, रेषेवर पुन्हा सत्तावीस. पुढच्या शनिवारी, सहा वाजून पाच मिनिटांनी : एकोणचाळीस, छत्तीस, एकतीस.

मशीननं सांगितलं होतं, आणि सरांनीच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

दुसरा दिवस शनिवारच होता. मशीन आणायला जातो म्हणून सर एकटेच साडेपाचला सेंटरवर गेले. नवा लॉट ट्रेमध्ये आला होता. कामवाल्या बाया घरी चालल्या होत्या. शेषेराव शनिवारचा मारुतीच्या देवळात गेला होता, त्याचा तो नेम. सर बाहेरच्या खोलीत मशीनची वायर गुंडाळायचं नाटक करत उभे राहिले. बरोबर सहाला विठाबाई आली. हातात फुटकं घमेलं, त्यात रसरशीत विस्तव, पदरात मूठभर काहीतरी. सरांकडं न बघता ती आत गेली, दाराजवळच्या ट्रेपाशी थांबली, पदरातलं मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकल्या. धुराचा लोट ट्रेवर गेला. सरांना असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं.

"आज्जी, हे कधीपासून करून राहिलात?"

"तीन लॉट झाले, हा चौथा. नजर काढाय नको?" म्हातारी म्हणाली. "तुझी बायको येती, पापणी न हलवता ट्रेकडं बघती. म्हणून तर बाकीच्यांच्या जगल्या."

"मग दारातल्या ट्रेपाशीच का?"

"गुडघे चालत न्हाईत माझे आतपतूर. आन् दारात तुमच्याच लोकांचे ट्रे असतेत. नजर तिथूनच शिरती."

घमेल्यातली मिरची तडतडत होती. तेवढ्यात मागं पावलं वाजली. शेषेराव देवळातून आला होता, कपाळावर ओला शेंदूर. त्यानं आईला पाहिलं, घमेलं पाहिलं, ट्रेवर तरंगणारा धूर पाहिला. ज्या माणसानं बायांना गजरा माळून आत येऊ दिलं नाही, त्याला धूर म्हणजे काय हे शिकवायची गरज नव्हती. त्याचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. मग सरांना म्हणाला, "चालते व्हा हितून."

सर घरी आले. रेणुकाबाईला एवढंच सांगितलं की धूर सेंटरात होतो. कुणाच्या नजरेपायी होतो ते पोटात ठेवलं.

रविवारी हॉल गच्च भरला. ट्रॅक्टर खरंच बाहेर उभा होता, मागं पल्टी नांगर लावलेला. सरांनी कचऱ्याची फाइल कागदावर छापून आणली होती. भीमाशंकरनं ती वाचून दाखवली. शेषेराव उभा राहिला, आणि त्यानं असा वार केला की सर हलले.

"मास्तर, पंच्याऐंशी आला तवा तुम्ही म्हणालात खोटा. एक्केचाळीस आला, आता म्हणता खरा. दोन्ही एकाच कचऱ्यातले. तुमच्या सोयीचा तेवढा खरा का?"

लोक सरांकडं बघायला लागले. बोलणं बिनतोड होतं. उत्तर सरांच्या जिभेवर होतं : काल सहाला मी उभा होतो, तुमच्या आईच्या हातात विस्तव होता. पण ते बोललं की नजरेचंही बोलावं लागणार. भर हॉलात ऐंशी वर्षांच्या बाईला उभं करायचं, आणि आपल्याच बायकोवर सगळ्यांचे डोळे वळवायचे. निम्मा हॉल धूर विसरंल आणि नजर तेवढी ध्यानात ठेवंल, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. रेणुकाबाई त्यांच्याकडं बघत होती. बाहेर ट्रॅक्टर होता. सर गप्प राहिले.

शेषेरावाला कळलं ते का गप्प आहेत. आणि कळूनही तो गडी म्हणाला, "चला मग, तुतीकडं."

तेव्हा दारात काठी वाजली. विठाबाई. कुणीतरी पोरानं तिला सांगितलं होतं की मास्तरच्या मशीननं शनिवारचे सहा वाजलेले धरलेत. म्हातारी तापली होती. म्हणाली, "शनवारी सहाला मीच व्हते. चोरी केली का मी, कागदावर मांडाय? विस्तव नेला, मिरच्या टाकल्या. या बाईची नजर वाईट हाय, ती काढली. समद्यांच्या भल्याचं केलं." आणि काठी सरळ रेणुकाबाईकडं रोखली.

रेणुकाबाईनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. सरांनी मान खाली घातली, तेव्हा तिला कळलं त्यांनी काय पोटात ठेवलं होतं. मग ती म्हाताऱ्या बाईकडं वळली.

"आज्जी, माझी नजर येवढी जबर असती तर आधी तुमच्या लेकाची जबान बंद पडली असती."

मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. शेषेराव तसाच उभा. भीमाशंकरनं हसणाऱ्यांना गप्प केलं आणि म्हणाला, "काका, ठरलेले दोन शब्द राहिलेत."

शेषेरावानं खिडकीतून ट्रॅक्टरकडं पाहिलं. ट्रॅक्टरलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "कसूर माझा." आणि आईचा दंड धरून निघून गेला. जाताना सरांच्या खांद्याला धक्का लागला तो चुकून लागला नव्हता.

माफी म्हणून त्यानं पुढं काही केलं नाही, उलट बोलणंच टाकलं. रेणुकाबाईंचा धूर न लागलेला पहिला लॉट निघाला तेव्हा ट्रे तिच्या पायाशी आपटल्यासारखे ठेवले. पण अळ्या टचटचीत होत्या. एकाही ट्रेमध्ये लहानमोठी नव्हती. बाईनं पापणी न हलवता एकेक ट्रे पाहिला, मुद्दाम, म्हातारी उंबऱ्यावर बसलेली असताना. तो लॉट जगला. त्याच्या पुढचाही जगला.

सेंटरातलं मशीन शेषेरावानं परत दिलं नाही, आणि सरांनी मागितलं नाही. मारुतीचा त्याचा नेम आता शनिवारी सकाळचा झालाय. सायंकाळी सहाला तो सेंटरच्या दारात आडवी खुर्ची टाकून बसतो, त्या एसटीपुढं बाज टाकली होती तसाच, आणि पडद्यावरच्या रेषेकडं बघत राहतो. विठाबाई घमेलं आणतेच. आत जाता येत नाही, म्हणून लेकावरूनच ओवाळते आणि रस्त्यावर नेऊन ओतते. धूर बाभळीत जातो.

शिरूरच्या हॉटेलात सरांचं नाव अजून पंच्याऐंशी मास्तरच आहे. भीमाशंकर पेन ड्राइव्ह आणून देतो. रेणुकाबाईनं सांगितल्यावरून सरांनी फाइलीचं नाव 'कचरा'चं 'पाखड' केलंय, आणि सकाळी चहाआधी बाई तीच पहिली उघडायला लावते. गेल्या चार महिन्यांत तिच्यात लाइट आल्यावरचे पंच्याऐंशी सोडून दुसरा आकडा पडलेला नाही.